हळवं, गरवं आणि भाताच्या पोटातलं घड्याळ

तांदूळ घेताना आपण बायका काय काय विचारतो बघा. नवा की जुना? मोकळा होतो की गिचका? वासाचा आहे का? किलोला किती? पण हा तांदूळ किती दिवसांचा, असं किराणा दुकानात कुणीच विचारत नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र तोच पहिला प्रश्न असतो. "बियाणं हळवं का गरवं?" एवढं कळल्याशिवाय तिथली बाई राबात मूठभर भातसुद्धा टाकत नाही.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी बचत गटांच्या निमित्ताने या दोन तालुक्यांत फिरते आहे. घर, मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं सांभाळून आठवड्यातले दोन दिवस पाड्यांवर. शिक्षण म्हणाल तर बी. ए., मराठी घेऊन. विज्ञानाशी नातं दहावीलाच सुटलेलं. पण गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता निघो, रेशनकार्ड निघो नाहीतर मुलीची शाळा, बोलणं फिरून फिरून भातावर येतं. भात कधी निसवणार यावर हप्ता कधी फेडणार ते ठरतं. ऐकून ऐकून मलाच कुतूहल वाटायला लागलं. शेजारशेजारच्या दोन खाचरांत एकाच आठवड्यात आवणी झाली, तरी एकीकडचं भात ऑगस्ट संपता संपता फुलतं आणि दुसरीकडचं ऑक्टोबर उजाडला तरी हिरवंगार उभं असतं, ते का? मग पुस्तकं चाळली, शेतीचं शिकलेल्या ओळखीच्या मुलींचं डोकं खाल्लं. जे हाती लागलं ते इतकं गमतीचं आणि इतकं कामाचं निघालं, की म्हटलं, आपल्या मैत्रिणींना हे सांगायलाच हवं.

तीन बहिणी, तीन स्वभाव

कोकणपट्टीत भाताच्या जातींचे तीन खाने आहेत. साधारण नव्वद दिवसांपासून चार महिन्यांच्या आत कापणीला येतं ते हळवं. चार-साडेचार महिने घेतं ते निमगरवं. त्याच्याही पुढे, पाच महिन्यांपर्यंत जातं ते गरवं. हे शब्द शेतकऱ्यांचे. पण कर्जतचं भात संशोधन केंद्र आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठही आपल्या जाती याच तीन नावांनी सांगतात. कर्जत-१८४ आणि रत्नागिरी-२४ हळव्या, जया आणि पालघर-१ निमगरव्या, कर्जत-२ गरवी. शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांचे शब्द जसेच्या तसे उचलले, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता यातली पहिली गंमत सांगते. भात फुललं की दाणा भरून पिकायला साधारण एक महिना लागतो. हळवं असो की गरवं, हा महिना जवळपास सारखाच. त्याच्या आधी, खोडाच्या आत लोंबी धरायला सुरुवात होते, तिथपासून पोटरी फुगून लोंबी बाहेर पडेपर्यंतही महिनाभर जातो. तोही सगळ्यांचा जवळजवळ सारखा. म्हणजे शेवटचे दोन महिने तिन्ही बहिणींचे एकाच चालीने जातात. फरक आहे तो सुरुवातीच्या दिवसांत. नुसती पानं आणि फुटवे काढत किती दिवस रमायचं आणि 'आता पुरे, लोंबीच्या तयारीला लागू' हे कधी ठरवायचं, एवढाच काय तो हळव्या-गरव्यातला भेद. भाताचं सगळं वेळापत्रक या एका निर्णयावर लटकलेलं असतं.

उतार, पाणी आणि भूक

हा निर्णय इथे इतका महत्त्वाचा का, ते समजायला जव्हार-मोखाड्याची जमीन बघावी लागते. सपाट रान फार थोडं. डोंगराच्या अंगावर वरकस, तिथे नाचणी आणि वरई. त्याखाली पायऱ्यांसारखी भाताची खाचरं. वरची खाचरं उथळ मातीची, मुरमाड. पाऊस धो धो पडतो, पण तितक्याच वेगाने वाहून जातो. पावसाने चार दिवस दडी मारली की वरच्या खाचराला भेगा पडायला लागतात. खालची खाचरं ओहोळाच्या कडेची, गाळाची. तिथे पाऊस गेल्यावरही ओल टिकते. म्हणून वर हळवं, मधे निमगरवं आणि खाली गरवं, अशी वाटणी पिढ्यान्‌ पिढ्या चालत आली आहे. पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निरोप घेतो. वरच्या खाचरातलं भात त्याच्या आत दाणा भरून मोकळं व्हायला हवं, नाहीतर वर्षाचा घास गेला.

दुसरं पीक घेऊन भरपाई करू म्हणाल, तर पाणी कुठे आहे? मुंबईची तहान भागवणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसलेले असतात. त्यामुळे बहुतेक घरांना वर्षातून एकच भात.

हळव्या भाताला अजून एक मोठा मान आहे. श्रावण-भाद्रपदात कणग्या तळाला गेलेल्या असतात. मजुरीही नसते, कारण लावणी संपलेली आणि कापणी लांब. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली सगळा महाराष्ट्र हादरला होता, ते अजून अनेकींना आठवत असेल. अशा मुलखात भादव्यात, आश्विनात घरात आलेली चार पायल्या भाताची किंमत बाजारभावाने करता येत नाही. एका आजीने मला एकदा सांगितलं होतं, "ताई, गरवा पैशाला, हळवा पोराला." याहून नेमकं मला तरी सांगता यायचं नाही.

गरव्याचंही आपलं मोल आहे. ते उंच वाढतं, पेंढा भरपूर देतं, लोंबीला दाणेही जास्त. पण ते घरात येतं दिवाळीच्या पुढे-मागे. आणि दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. भात कधी पिकलं यावर घर किती दिवस गावात राहील आणि मुलं किती दिवस शाळेत बसतील, हेही थोडंफार ठरत असतं.

पान बघतं, शेंडा ऐकतो

मग भाताला कळतं कसं, की आता फुलायची वेळ झाली? त्याच्याकडे ना कालनिर्णय, ना मोबाइल.

अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवून दिलं, की काही झाडं दिवसाची लांबी मोजून फुलतात. काहींना दिवस मोठा हवा असतो, काहींना लहान. भात हे मुळात लहान दिवसाचं पीक. आपल्याकडे जून अखेरीला दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो. मग तो रोज थोडा थोडा आखडत जातो, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बारा तासांवर येतो आणि डिसेंबरात अकराच्या आसपास. आपल्याला 'दिवस लहान व्हायला लागले' हे दिवे लावणीला जाणवतं. जातिवंत गरव्या भाताला तो फरक आपल्या कितीतरी आधी कळतो. जपानी शास्त्रज्ञांना प्रयोगात दिसलं, की दिवसात अर्ध्या तासाचा फरक पडला तरी भाताच्या पानाला तो ओळखू येतो.

खरं तर झाड रात्र मोजत असतं. म्हणूनच मध्यरात्री थोडा वेळ उजेड पाडला तरी त्याचा हिशेब चुकतो. रस्त्यावरच्या दिव्याखालचं भात बाकीच्यांच्या मागे राहून उशिरा निसवतं, ते याच कारणाने. तुमच्या गावात बांधाला लागून विजेचा खांब असेल तर यंदा मुद्दाम लक्ष ठेवून बघा.

दिवस-रात्र मोजायचं काम पान करतं. पण लोंबी धरते ती खोडाच्या शेंड्यात. मग पानाचा निरोप शेंड्याला पोचतो कसा? रशियातल्या चैलाख्यान नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात सांगितलं, की पानात काहीतरी द्रव्य तयार होतं आणि ते शेंड्याकडे जातं. त्याला त्याने 'फ्लोरिजेन' असं नाव दिलं, म्हणजे फूल आणणारं. नाव मिळालं, पण द्रव्य काही सापडेना. सत्तर वर्षं शोध चालला होता. शेवटी २००७ मध्ये जपानच्या नारा इथल्या शास्त्रज्ञांनी ते भातात दाखवून दिलं. 'एचडी-३ए' नावाच्या जनुकापासून पानात एक प्रथिन तयार होतं आणि रसवाहिन्यांमधून ते शेंड्यापर्यंत जातं. ते पोचलं, की शेंडा पानं काढायचं सोडून लोंबी धरायला घेतो.

जनुक म्हणजे काय, तर पेशीत जपून ठेवलेल्या पाककृतींच्या वहीतली एक पाककृती. भाताच्या वहीचे बारा भाग, म्हणजे गुणसूत्रांच्या बारा जोड्या. ही सगळी वही वाचून काढायचं काम जपानच्या पुढाकाराने अनेक देशांनी मिळून केलं, त्यात भारतही होता. २००५ मध्ये ते जगापुढे आलं.

एक चावी, एक कुलूप आणि एक मूडी मेंबर

आता घरातल्या माणसांसारखी या जनुकांची ओळख करून देते, म्हणजे लक्षात राहील.

'एचडी-३ए' म्हणजे निरोप्या, हे आपण बघितलंच. या निरोप्याला घराबाहेर पडू न देणारं एक कुलूप आहे, त्याचं नाव 'जीएचडी-७'. चीनमधल्या वुहानच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते २००८ मध्ये उजेडात आणलं. दिवस मोठे असताना हे कुलूप घट्ट बसतं. झाड वाढत राहतं, उंच होतं, मोठी लोंबी धरायची ताकद कमावतं. दिवस लहान झाले की कुलूप सैल पडतं. मग 'ईएचडी-१' नावाची चावी फिरते आणि निरोप्या निघतो.

या संशोधनातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, हे एकच जनुक झाडाची उंची, लोंबीतल्या दाण्यांची संख्या आणि फुलायची वेळ या तिन्हींवर एकदम हात ठेवतं. कुलूप घट्ट असलेलं भात उशिरा फुलतं, उंच होतं आणि जास्त दाणे देतं. कुलूप कमजोर असेल तर भात लवकर येतं, पण ठेंगणं आणि थोडक्या दाण्यांचं. ज्या थंड मुलखांत उन्हाळा आखूड, तिथल्या म्हणजे उत्तर चीनसारख्या ठिकाणच्या जातींमध्ये हे कुलूप मोडकं किंवा नाहीसंच झालेलं सापडलं. त्याशिवाय तिथे थंडी पडायच्या आत भात पिकलंच नसतं. आपल्या आजीबाईंचं 'गरवा जास्त, हळवा थोडा पण वेळेला' हे म्हणणं शास्त्रज्ञांना वेगळ्या वाटेने पुन्हा सापडलं, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरा मेंबर मूडी आहे. त्याचं नाव 'एचडी-१'. जपानच्या मासाहिरो यानो यांच्या गटाने तो २००० साली शोधला. याचं वागणं दिवस बघून बदलतं. दिवस लहान असेल तर हा निरोप्याला पुढे ढकलतो, दिवस मोठा असेल तर उलट त्याचे पाय ओढतो. आपल्या नात्यात नाही का काही माणसं, माहेरच्या कार्यात पुढे पुढे आणि सासरच्या कार्यात कोपऱ्यात? तसंच. जपानी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये जगभरच्या जाती तपासल्या, तेव्हा त्यांच्या फुलायच्या वेळेतल्या फरकाचं एक मोठं कारण हाच 'एचडी-१' निघाला. कितीतरी जातींत तो मोडलेला होता, म्हणजे पाककृतीतली एखादी ओळच गायब. एकेका जनुकाची चार-चार रूपं, त्यांच्या वेगवेगळ्या जोड्या, त्यातून नव्वद दिवसांपासून दीडशे दिवसांपर्यंतचे सगळे प्रकार तयार झाले. आणि पिढ्यान्‌ पिढ्या ते निवडून, सांभाळून ठेवले कुणी? ज्यांना जनुक हा शब्दही माहीत नव्हता अशा शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या बायकांनी.

दिवस मोजणारं आणि तारीख पाळणारं

"हे सगळं छान, पण आम्हाला याचा उपयोग काय?" असं एका बैठकीत एका वहिनींनी विचारलंच. उपयोग आहे, आणि तो पाऊस लांबला की कळतो.

भाताचे दोन स्वभाव लक्षात ठेवा. एक दिवस मोजणारं, दुसरं तारीख पाळणारं. जुनं जातिवंत गरवं तारीख पाळतं. जूनच्या मध्याला पेरा नाहीतर महिनाभर उशिरा, दिवस लहान झाले की ते आपल्या ठरल्या सुमारालाच फुलणार. उशिरा पेरलं तर फुटवे कमी येतील, दाणा थोडा कमी मिळेल, पण पीक वेळेवर उभं राहील. याउलट १९६० च्या दशकात आलेल्या बुटक्या, जास्त उत्पन्नाच्या आयआर-८, जया वगैरे जाती दिवसाच्या लांबीकडे फारसं बघत नाहीत, नुसते आपले दिवस मोजतात. यामुळेच त्या वेगवेगळ्या प्रांतांत, वेगवेगळ्या हंगामांत चालल्या आणि देशाचं पोट भरलं, हे विसरून चालणार नाही. पण त्यांचा हिशेब साधा आहे: पेरणी जितकी उशिरा, तितकंच फुलणं उशिरा.

समजा, १३० दिवसांचं असं निमगरवं भात १५ जूनला पेरलं. ते २० सप्टेंबरच्या सुमाराला फुलेल. अजून पाऊस आहे, ओल आहे, दाणा भरेल. पण पाऊस लांबून पेरणी १० जुलैला झाली, तर फुलायला ऑक्टोबरचा तिसरा आठवडा येईल. तोवर पाऊस गेलेला, वरचं खाचर कोरडं पडलेलं. लोंब्या सरळ ताठ उभ्या राहतात, कारण आत दाण्याचं वजनच नसतं. तेच १०० दिवसांचं हळवं १० जुलैला पेरलं, तरी सप्टेंबरच्या मध्याला फुलून ऑक्टोबरच्या मध्याला कापणीला येईल.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. आमच्या एका गटातल्या ताईंनी असंच एका उशिराच्या पावसात, कुणीतरी 'लय पिकतं' म्हणून सांगितलं म्हणून दुकानातून नवीन बियाणं आणलं. किती दिवसांचं ते दुकानदाराने सांगितलं नाही, पिशवीवर यांना वाचता आलं नाही. लावलं वरच्या मुरमाड खाचरात. गणपती झाले, नवरात्र झालं, भात हिरवंगार. दसरा उलटल्यावर निसवलं आणि जवळजवळ सगळं पोचट गेलं. ते घर त्या वर्षी दिवाळीसुद्धा न करता भट्टीवर गेलं. सोबत सहावीतली मुलगी, धाकट्या भावाला सांभाळायला. ती परत शाळेत आलीच नाही. बियाण्यात खोट नव्हती. खालच्या खाचरात ते उत्तम पिकलं असतं. चुकली होती ती फक्त वेळ आणि जागा यांची गाठ. एका जनुकाच्या कुलपाची किंमत एका मुलीच्या शाळेएवढी असू शकते, हे मी त्या वर्षी पाहिलं.

हळवं लावलं म्हणजे सगळं निभावलं, असंही नाही. भाताचं फूल सकाळी नऊ-दहाच्या पुढे तास-दोन तासच उघडतं. नेमका तेव्हा मुसळधार पाऊस लागला तर पराग धुऊन जातो. सप्टेंबरअखेरच्या सरींत कापणी सापडली तर वाळवायचं कुठे, हाही प्रश्न. आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये 'क्यार' वादळाच्या वेळच्या पावसाने तर कापून खाचरात पसरलेलं भात भिजून त्याला कोंब फुटले, ते पालघर जिल्ह्यातल्या कुणीच विसरलेलं नाही. म्हणून सगळी अंडी... नको, आपल्या भाषेत सांगते, सगळं भात एकाच दिवसांचं लावू नये. थोडं हळवं, थोडं निमगरवं, थोडं गरवं. एक गेलं तर दुसरं हाताला लागतं. जुनी माणसं हेच करत होती.

बियाणं निवडणारे हात

पाड्यांवर बियाण्याच्या लोंब्या निवडायचं काम बहुतेक घरांत बायकांकडे. कापणीच्या आधी खाचरात फिरायचं, भरलेल्या, एकसारख्या, एकाच वेळी पिकलेल्या लोंब्या बाजूला काढायच्या, वाळवायच्या, चुलीच्या वर धुरात टांगून ठेवायच्या. मधेच एखादं झाड लवकर निसवलेलं किंवा मागे राहिलेलं दिसलं, तर ते बियाण्यात येऊ द्यायचं नाही. हे जे 'भेसळ काढणं' आहे, तीच खरी जनुकांची निवड. भात मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळतं, परका पराग शंभरात एखाद्याच दाण्याला लागतो. त्यातून शेजारच्या दोन जाती वेगवेगळ्या वेळी फुलत असतील, तर तेवढीही सरमिसळ होत नाही. म्हणून नीट निवडलेलं घरचं बियाणं वर्षानुवर्षं आपला स्वभाव टिकवतं.

संकरित, म्हणजे हायब्रीड बियाण्याचं तसं नाही. पहिल्या वर्षी सगळं खाचर एका तालात फुलतं आणि पिकतंही भरघोस. पण त्यातलंच भात पुढच्या वर्षी पेरलं तर आई-बापांची वेगवेगळी जनुकं नातवंडांत पुन्हा फुटून वाटली जातात. मेंडेल नावाच्या धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाणे लावून १८६६ मध्ये लिहून ठेवलेला हाच तो नियम. मग त्याच खाचरात काही झाडं लवकर निसवतात, काही उशिरा. आधी पिकलेलं झडून जातं, मागचं हिरवंच असतं. कापायचं कधी, तेच कळत नाही. म्हणून संकरित भात लावायचं तर बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. तो खर्च आधी धरूनच निर्णय घ्यावा.

शेतात डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्याने काय मिळवलं, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपून वेगळ्या वाढवल्या आणि त्यातून आपण सगळ्या आवडीने शिजवतो तो एचएमटी तांदूळ आला. त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाचं नाव त्याला पडलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्या तांदळामागे एका साध्या शेतकऱ्याची नजर आहे, हे आजही फार थोड्यांना माहीत असतं.

नावं पुसली जाऊ नयेत

या भागात बायकांशी बोलताना भाताची जुनी नावं ऐकावीत. डांगी, महाडी, कोळपी, राजघुड्या, कसबई. प्रत्येकीला तिची जागा, तिचे दिवस, तिची चव तोंडपाठ. एखादं पेजेला चांगलं, एखादं भाकरीला, एखादं बाळंतिणीला. पण अशा आज्या कमी होत चालल्या. सुनांना पिशवीवरचा नंबर माहीत असतो, नाव नाही. एखादी जात दोन-तीन वर्षं कुणीच लावली नाही, तर तिचं बियाणं उगवत नाही. मग तिच्या पोटातलं घड्याळ कायमचं बंद.

चांगली गोष्ट अशी, की हे ओळखून काम करणारी माणसं आहेत. 'बायफ' संस्थेने जव्हार भागात शेतकऱ्यांना बरोबर घेऊन जुन्या भाताच्या जाती गोळा केल्या, लावून पाहिल्या, त्यांच्या बियाण्याची बँक उभी केली. याच संस्थेची साथ मिळालेल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा कधी शाळेत न गेलेल्या बाईच्या बियाण्याच्या मडक्यांना देशाने मान दिला. आपल्या शेजारच्या वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि २००१ चा वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचाही हक्क देतो. आपली जुनी जात शेतकरी स्वतःच्या नावावर नोंदवू शकतात, त्यासाठी फी पडत नाही. हे किती जणींना माहीत असतं?

मैत्रिणींनो, आपल्यातल्या पुष्कळ जणी आता शेतात उतरत नाहीत. पण जिच्या माहेरी-सासरी खाचर आहे, तिने एवढं जरूर करावं. बियाणं घेताना 'किती पिकतं' याच्या आधी 'किती दिवसांचं' ते विचारावं, आणि आपलं खाचर वरचं की खालचं ते सांगून विचारावं. पिशवी आणि पावती पीक घरात येईपर्यंत टाकू नये. भात कधी पेरलं, कधी निसवलं, कधी कापलं, या तीन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात. तीन-चार वर्षांच्या तारखा समोर आल्या, की आपलं भात दिवस मोजणारं की तारीख पाळणारं, ते तुमचं तुम्हालाच कळेल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

आमच्या गटांनी आता एक रीत पाडली आहे. मे महिन्याच्या बैठकीत हप्त्याच्या हिशेबाआधी बियाण्याचा हिशेब होतो. कुणाकडे कोणतं, किती दिवसांचं, कुणाला किती पायली लागेल. वहीत नाव आणि दिवस दोन्ही लिहिले जातात. लिहिणारी मुलगी बारावीला आहे. सांगणाऱ्या आजीला अक्षर येत नाही, पण ती एका दमात अकरा जाती सांगते, आणि मुलगी लिहिता लिहिता थांबून विचारते, "आजी, हा किती दिवसांचा?"